समुद्र पितोय, म्हणून आपण निर्धास्त?

आज सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर एकाने फॉरवर्ड टाकलं. ‘समुद्र आपला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, निसर्गाने सोय करून ठेवली आहे, उगाच घाबरवू नका.’ खाली अंगठ्यांची रांग. डोकंच फिरलं माझं.

शोषून घेतो, बरोबर. आपण सोडतो त्यातला साधारण पाव हिस्सा. पण पुढे? पाण्यात विरघळून त्याचं कार्बोनिक आम्ल होतं, त्यातून सुटलेले हायड्रोजन आयन पाण्यातलं कार्बोनेट पळवतात, आणि कालवांना, शिंपल्यांना, पोवळ्यांना कवच बांधायला हवं असतं ते नेमकं हेच. बिल त्यांच्या नावावर फाडतोय आपण.

मागे देवगडची मावशी इकडे ओरेगॉनला आली होती, तेव्हा तिला नेटार्ट्सच्या खाडीवर नेलं. जन्मभर ओहोटीला खडकावरची कालवं फोडलेली बाई. इथलं तळहाताएवढं कालव बघून पहिला प्रश्न, “ह्येंचा बी खंयसून येता?” म्हटलं, इथेच व्हिस्की क्रीक नावाची हॅचरी आहे (नावावरचे विनोद करून झालेत, नको), तिथे टाक्यांत पिल्लं वाढवतात. आणि टाकीतल्या समुद्राच्या पाण्यात सोडा घालतात. “कसलो सोडो?” कपडे धुवायचा असतो ना, तोच. मावशी खो खो हसली. मग हसू ओसरलं. “दर्याच्या पाण्यात सोडो? दर्याक झालाहा तरी काय?”

सांगते काय झालंय. २००७ च्या सुमारास त्या हॅचरीतली पिल्लं ढिगाने मरायला लागली. आधी संशय जिवाणूंवर. त्यांचा बंदोबस्त केला, तरी मरतच होती. मग ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीच्या शास्त्रज्ञांना घेऊन पाणी तपासलं. उन्हाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाहेर लोटलं जातं आणि खालचं गार पाणी वर येतं. त्यात मुळातच कार्बन डायऑक्साइड जास्त, वर आपल्या धुराची भर. कालवाच्या पिल्लाला पहिल्या दोनेक दिवसांत, अंड्यातून मिळालेल्या शिदोरीवर, पहिलं कवच उभं करायचं असतं. कार्बोनेट कमी पडलं की शिदोरी त्यातच संपते. खायला तोंड उघडायच्या आत खेळ खलास. म्हणून तो सोडा, टाकीतल्या पाण्यातलं कार्बोनेट भरून काढायला. आणि हे वर येणारं पाणी हवेला शेवटचं भेटलं होतं काही दशकांपूर्वी! म्हणजे आजचा धूर अजून वर यायचाच आहे.

हो, समुद्र अजून आम्ल झालेला नाही, अल्कधर्मीच आहे. माहितीये. पीएच (आम्लतेची मोजपट्टी, आकडा घसरला की आम्लता वाढली) ८.२ वरून ८.१ वर आलाय. ‘एवढंसंच?’ म्हणणाऱ्यांनी अकरावीचं रसायनशास्त्र आठवावं, त्या मोजपट्टीवर ०.१ म्हणजे हायड्रोजन आयनांत पाव पटीने वाढ. समुद्री गवताला हे मानवतं, तेही मान्य. इटलीत इस्किया बेटापाशी तळातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात, तिथे गवत मजेत आहे. चुन्याच्या कवचाचे जीव मात्र बुडबुड्यांजवळ जावं तसे कमी होत जातात. गवत खायचं का आता सगळ्यांनी?

दक्षिण महासागरात टेरोपॉड नावाच्या इवल्या गोगलगायी पंखांनी पोहतात. त्यांची कवचं जिवंतपणीच विरघळताना पाहिली आहेत. उत्तर पॅसिफिकमधल्या त्यांच्या भावंडांवर पिंक सामन मासा जगतो. कवच गेलं म्हणजे फक्त कवच जात नाही.

मावशीला मी एवढं सगळं ऐकवलं नाही. गाडीत बसल्यावर तीच म्हणाली, “आमच्या खाडीत सोडो कोण घालतलो?” काय सांगणार? देवगडची कालवं कमी झाली असं ती म्हणते, त्याला हेच कारण आहे असं मी म्हणत नाही, आपल्या खाड्यांचे हाल करायला इतर उद्योग भरपूर आहेत. पण तिचा प्रश्न डोक्यातून जात नाही. हॅचरी वाचली कारण तिला टाकी आहे, नळ आहे. मालवणच्या पोवळ्यांना कुठली टाकी? आपल्या किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात बुडालेल्या आंग्रिया बँक नावाच्या पोवळ्यांच्या पठाराला?

ज्याने फॉरवर्ड टाकलं तो माझ्या घरी कालवांचं सुकं दोनदा मागून घेऊन जेवलाय. भला माणूस आहे, म्हणून तर जास्त राग येतो. खाली ‘टेक्नॉलॉजी काढेल मार्ग’ असं कुणी लिहू नका. काढलाय. धुण्याचा सोडा, तोही टाकीपुरता. धूर कमी करण्याबद्दल बोलायचं असेल तर बोला, रात्री जेवणं उरकल्यावर उत्तरं देते.