खुलासा: स्टेटसवरच्या ‘कायदेशीर नोटिशी’ने लोकेशन थांबत नाही

‘माझं लोकेशन वापरायला मी परवानगी देत नाही’ असं स्टेटसवर टाकलं की ॲप कंपन्यांचे हात बांधले जातात, असा मेसेज फिरतोय. तसं काही होत नाही. अटींखाली ‘मान्य’ दाबून दिलेली संमती स्टेटसने रद्द होत नाही; सेटिंगमध्ये जाऊन त्या त्या ॲपची लोकेशन परवानगी काढावी लागते. (टॉर्चच्या ॲपला लोकेशन कशाला हवं, तेही तिथेच बघा.) हवामानाच्या ॲपला ‘अचूक’ लोकेशनचा पर्याय बंद करून अंदाजे ठिकाण दिलं तरी पुरतं. एवढं करूनही आयपी पत्त्यावरून (इंटरनेटला जोडताना मिळणाऱ्या क्रमांकावरून) साधारण परिसराचा अंदाज लागतो. आणि फोनला नेटवर्क असेपर्यंत तो साधारण कोणत्या भागातल्या टॉवरांच्या हद्दीत आहे, हे सिम कंपनीला कळतंच. नाहीतर येणारा कॉल तुमच्यापर्यंत पोचवणार कसा?