तडजोड झाली, पण पुढे काय?

सोसायटीत वरच्या घरातून खाली गळती होण्याच्या भांडणात ‘कोर्टाआधी मध्यस्थी करून बघा’ हा एका लेखातला सल्ला पटला, पण एक मुद्दा राहिला. २०२३च्या मध्यस्थी कायद्यात वस्तीतल्या वादांसाठी सामुदायिक मध्यस्थीची तरतूद आहे. दोन्ही बाजूंची संमती असेल तर तीन मध्यस्थ बसवायचे, असं त्यात आहे. मात्र त्यातली तडजोड दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी (म्हणजे अंतिम निकालाच्या आदेशासारखी) बजावता येत नाही! वरच्याने बाथरूमची गळती काढून देतो म्हणून सही केली आणि पावसाळ्यात हात वर केले, तर खालच्याने जायचं कुठे? निदान प्लंबर कोणाचा, फरशी फोडली तर खर्च कोणाचा, काम कधीपर्यंत, हे कागदावर लिहून घ्यावं. आणि मध्यस्थ सोसायटीच्या कमिटीतला नको. (आमचे सेक्रेटरीच ‘वरचे’ आहेत, असो.) गावाकडे तंटामुक्त समितीबद्दलही पहिला प्रश्न हाच असायचा, समितीत माणसं कोणाची?