रिव्ह्यूला उत्तर: कोसळलेलं बिल्ड हिरवं का दिसलं आणि फाइल का नाकारली गेली

नमस्कार,

आपण एक तारा देऊन तीन तक्रारी मांडल्या आहेत. बिल्ड (कोड जोडून त्याच्या टेस्ट चालवणारा आपोआप होणारा रन) कोसळलं तरी टेस्टचे रिपोर्ट वाचून निकाल दाखवणाऱ्या आमच्या डॅशबोर्डवर सगळं हिरवं, म्हणजे पास होतं. दुसऱ्या दिवशी एडिटरमध्ये नीट उघडणारी रिपोर्ट फाइल आम्ही ‘अवैध एक्सएमएल’ (एक्सएमएल म्हणजे टॅगमध्ये माहिती मांडायचा फॉरमॅट) म्हणून परत केली. आणि मोजक्या टेस्ट असलेल्या प्रकल्पात आमच्याकडे हजारावर टेस्टची यादी झाली. शेवटी आपण विचारलंत की सरळ कन्सोलचा लॉग (रन चालताना स्क्रीनवर छापला जाणारा मजकूर) वाचून निकाल का लावत नाही. रिव्ह्यूसोबत पाइपलाइनचा (बिल्डच्या पायऱ्यांच्या साखळीचा) लॉग आणि दोन्ही फाइली जोडल्यात हे फार चांगलं केलंत, कारण तिन्ही गोष्टींची उत्तरं त्यातच आहेत.

आधी हिरवा डॅशबोर्ड, कारण यातला सर्वांत गंभीर प्रकार हाच. लॉगमध्ये पायटेस्टचं (पायथनच्या टेस्ट चालवणाऱ्या टूलचं) आउटपुट मध्येच तुटलंय, शेवटची सारांशाची ओळ नाही. कंटेनरची (टेस्ट ज्या बंदिस्त वातावरणात चालतात त्याची) मेमरी संपून प्रोसेस मारली गेली की असंच दिसतं. पायटेस्ट जेयूनिट एक्सएमएल फाइल, म्हणजे टेस्टच्या निकालांचा रिपोर्ट, संपूर्ण रन आटोपल्यावर एकदाच लिहितं. मध्येच मारलं गेलं तर त्या रनची फाइल तयारच होत नाही. मग आमच्याकडे आलं काय? आलेल्या फाइलच्या टेस्टसूटवरचा (टेस्टच्या गटावरचा) टाइमस्टॅम्प आदल्या दिवसाचा आहे. रिपोर्टचं फोल्डर साफ होत नव्हतं, म्हणून अपलोडच्या पायरीनं कालचीच फाइल उचलून पाठवली.

पायरी लाल का झाली नाही, तेही लॉगमध्येच दिसतं. टेस्टची कमांड पाइपनं ‘टी’ला, म्हणजे आउटपुट दाखवून फाइलमध्येही लिहिणाऱ्या कमांडला, जोडली आहे. कमांड चालवणारं बॅश अशा जोडणीत शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड (काम नीट झालं तर ०, नाही तर दुसरा अंक) देतं. ‘टी’चं काम नीट झालं, म्हणून ०. प्रत्यक्षात टेस्टच्या प्रोसेसचा कोड १३७ असणार: १२८ अधिक प्रोसेस सक्तीनं मारणारा सिग्नल क्रमांक ९.

तेव्हा त्या पायरीची पहिली ओळ रिपोर्टचं फोल्डर रिकामं करणारी ठेवा आणि बॅशचा ‘पाइपफेल’ पर्याय चालू करा, म्हणजे जोडणीतली कुठलीही कमांड चुकली तरी पायरी लाल होईल. अपलोडची पायरी टेस्ट नापास झाल्या तरी चालली पाहिजे, पण फाइल सापडली नाही तर ती पायरी स्वतः नापास झाली पाहिजे. आमच्या प्रकल्प सेटिंग्जमध्ये ‘बिल्डपेक्षा जुना रिपोर्ट नाकारा’ आणि ‘किमान टेस्टसंख्या’ असे दोन पर्याय आहेत, तेही चालू करा. पहिला पर्याय आपोआप लागू नसतो. बऱ्याच टूल्सच्या टाइमस्टॅम्पमध्ये टाइमझोन नसतो आणि वेगवेगळ्या मशीनवर रन चालवणाऱ्या टीमचे खरे रिपोर्ट त्यात अडकतात. दुसरा मात्र प्रत्येकानं वापरावा असं माझं ठाम मत आहे. एकही टेस्ट सापडली नाही तर पायटेस्ट ५ हा कोड देतं, पण सगळी टूल्स इतकी काटेकोर नसतात.

मेमरीचा त्रास वारंवार होत असेल तर चालता चालता लिहिला जाणारा फॉरमॅट बरा. गो भाषेच्या ‘गो टेस्ट’चा जेसन पर्याय दर ओळीला एक स्वतंत्र घटना लिहितो, त्यामुळे प्रोसेस मेली तरी तोवरच्या ओळी हातात राहतात. टॅप हा निकाल ओळीओळीनं छापायचा फॉरमॅट तर पर्ल भाषेच्या जगात १९८७ पासूनचा. त्यात सुरुवातीलाच ‘१..४०’ अशी योजना छापता येते. निकाल २३च आले तर १७ हरवले हे वाचणाऱ्या प्रोग्रॅमला लगेच कळतं.

आता नाकारलेली फाइल. ही पायटेस्टची नाही, आपल्या स्क्रिप्टनं स्ट्रिंग जोडून लिहिलेली आहे. तिच्या फेल्युअर मजकुरात टर्मिनलच्या रंगांचे कोड आहेत आणि त्यांची सुरुवात एस्केप कॅरेक्टरनं होते, क्रमांक २७. एक्सएमएल १.० मध्ये ३२ च्या खालचे फक्त तीन चालतात: ९ टॅब, १० नवी ओळ, १३ कॅरेज रिटर्न. एडिटर बाकीचे मुकाट्यानं दाखवतो किंवा लपवतो, पार्सर (फाइल वाचून अर्थ लावणारा प्रोग्रॅम) मात्र थांबतो. सीडेटामध्ये (मजकूर जसाच्या तसा ठेवायच्या वेष्टनात) गुंडाळून उपयोग नाही, अंकी एन्टिटी (कॅरेक्टरऐवजी त्याचा क्रमांक) लिहूनही नाही, १.० च्या नियमात तो कॅरेक्टर कुठल्याच रूपात बसत नाही. टेस्ट चालवताना रंग बंद करा, किंवा लिहिताना त्या जागी दिसेल अशी खूण ठेवा. पायटेस्ट स्वतः हेच करतं.

त्याच स्क्रिप्टमध्ये आणखी एक सापळा आहे. लांब संदेश १००० बाइटवर कापला जातोय. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं असतं, म्हणजे सलग देवनागरी मजकुरात १००० बाइटवरचा काप चिन्हाच्या मध्येच पडतो आणि फाइल पुन्हा बिघडते. बाइटवर नव्हे, कॅरेक्टरवर कापा. आणि स्ट्रिंग जोडणं सोडून एक्सएमएल लायब्ररी वापरा, म्हणजे अँपरसँड आणि कोनी कंसांची काळजीही मिटेल. नियंत्रण कॅरेक्टर मात्र लायब्ररीला देण्याआधीच गाळा, सगळ्या लायब्ररी ते अडवत नाहीत.

‘बाकीची टूल्स अशी फाइल चालवून घेतात’ असं आपण लिहिलंत. घेतात, आणि आम्ही ते मुद्दाम करत नाही. सैल पार्सर अर्धवट फाइल मिळाली की उघडे टॅग बंद करून पुढे जातो. जिथं फाइल तुटली तिथून पुढच्या टेस्ट गायब होतात, नापास झालेल्या त्यातच असतील तर उरलेला रिपोर्ट स्वच्छ हिरवा दिसतो. ही आपल्याच पहिल्या तक्रारीची दुसरी वाट आहे. रिपोर्ट वाचता आला नाही तर बिल्ड लाल, हा नियम आम्ही बदलणार नाही.

वाढत्या यादीचं कारण छोटं आहे. आम्ही टेस्ट ओळखतो ती क्लासनेम आणि नेम या जोडीवरून. आपल्या पॅरामीटराइज केलेल्या (वेगवेगळ्या किमती देऊन चालवलेल्या) टेस्टच्या नावातल्या चौकटी कंसात त्या क्षणाची वेळ येतेय, म्हणून दर रनला नवी टेस्ट जन्मते आणि इतिहास तुटतो. पॅरामीटरला ‘आयडीज’मधून स्थिर नावं द्या, बदलती किंमत प्रॉपर्टीजमध्ये लिहा. पुढे एक्सडिस्ट या पायटेस्टच्या प्लगिननं समांतर चालवायचं ठरवलंत तर हे करावंच लागेल. प्रत्येक वर्करला (समांतर प्रोसेसला) टेस्टची यादी तंतोतंत सारखी मिळाली नाही तर ते रनच थांबवतं. जुनी नावं एका नावाखाली आणायची सोय सेटिंग्जमध्ये आहे.

कन्सोल लॉगबद्दल: तो माणसांसाठी असतो. टूलची आवृत्ती बदलली की मांडणी बदलते, समांतर रनमध्ये ओळी एकमेकींत मिसळतात, आणि पास झालेल्या टेस्टच्या आउटपुटमध्येही ‘फेल्ड’ हा शब्द असू शकतो. जेयूनिट एक्सएमएललाही सर्वमान्य असा एकच अधिकृत स्कीमा (रचनेचा नियम) नाही, हे खरं. तरी अपेक्षित निकाल चुकला की फेल्युअर आणि टेस्ट चालतानाच अनपेक्षित एक्सेप्शन आलं की एरर, एवढा फरक त्यात जागच्या जागी नोंदवता येतो. मजकुरातून तो ओढून काढणं म्हणजे अंदाज.

बदल करून एक रन पाठवा. फाइल पुन्हा नाकारली गेली तर संदेशात ओळ आणि कॉलमचा क्रमांक येईल. तो आणि मूळ फाइल झिप करून सपोर्टकडे पाठवा. मजकूर कॉपी करून चिकटवू नका, चिकटवताना नेमके ते अदृश्य कॅरेक्टरच गळून पडू शकतात.