उजेडाचे आठ युरो

आठ युरो. आपले आठशे रुपये धरा. रक्कम मोठी नाही हे मलाही कळतं; ताई आठवडाभर रोज तेच ऐकवते आहे. पण त्या आठांतला एकसुद्धा माझ्या वाट्याला आला नाही, हे तिच्या डोक्यात शिरत नाही.

इटलीतल्या लहान गावांत, चर्चच्या भिंतींवर पंधराव्या-सोळाव्या शतकातली चित्रं बघत आम्ही दोघी फिरत होतो. हे घडलं त्या गावाचं नाव सांगत नाही. गाव बिचारं चांगलं होतं. पावणेबारा वाजलेले, बाराला चर्च बंद. (इथे पुण्याच्या दुकानांवर विनोद करता येतो, पण तो सगळ्यांनी केलाय.) आत मिट्ट काळोख. भिंतीवर मोठं चित्र आहे एवढं कळत होतं. शेजारच्या खांबाला पत्र्याची पेटी. एक युरो टाकला की दिवा लागतो. मिनिटभर उजेड, मग खट्, पुन्हा काळोख. लहानपणी स्टेशनवरच्या वजनाच्या यंत्रात नाणं टाकलं की निदान तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य.

पहिला युरो चष्मा शोधण्यात गेला.

दुसरा टाकला आणि मागून काठीचा आवाज आला. गावातले एक आजोबा, ऐंशीच्या पुढचे, उन्हाळ्यात कोट घातलेले. त्यांनी आरामात एक खुर्ची ओढली, चित्राच्या बरोबर मधोमध मांडली आणि बसले. म्हणजे आता चित्राच्या मध्यभागी आजोबांचं टक्कल. खट्. काळोखातून आवाज आला, "सिन्योरा! लूचे!"

लूचे म्हणजे उजेड. एवढं इटालियन मला त्या दिवशी आलं, आणि जन्मात विसरणार नाही.

मी टाकला तिसरा. या खेपेला चित्रात कोण कोण आहे ते बघायला मी पुस्तक उघडलं, तर आजोबांनी काठी फरशीवर आपटली. आधी पुस्तकाकडे बोट, मग दिव्याकडे, मग घड्याळाकडे. दिवा जळतोय आणि तू वाचतेस? आमच्या आजोळी पंखा चालू ठेवून खोलीबाहेर गेलं की माझे आजोबा असंच बघायचे. फरक इतकाच, की वीजबिल ते स्वतः भरायचे. सान जिमिन्यानो गावच्या चर्चमध्ये चित्रकार बेनोत्झो गोत्झोलीने 1464-65 मध्ये संत ऑगस्टीनचं आयुष्य भिंतीभर रंगवलंय. त्यात शाळेचा प्रसंग आहे: छोटा ऑगस्टीन नव्याने दाखल होतोय आणि तिथेच मास्तर एका पोराच्या उघड्या ढुंगणावर छडी चालवतोय. दोनच दिवसांपूर्वी त्या पोराला आम्ही हसलो होतो.

चौथ्या युरोपर्यंत एक जर्मन जोडपं आलं. पाचव्याला सायकलवाल्यांची टोळी, डोक्यावर हेल्मेटं तशीच. खट् झालं की काळोखात दहा जण माझ्या पर्सकडे तोंड करून उभे. खिशात हात कुणी घालेना. देवळातल्या रांगेत 'चला पुढे, चला पुढे' म्हणून ढकलतात, पण देवावर दिवा तरी असतो हो! आणि तो भाविकाच्या पैशाने मिनिटामिनिटाला विझत नाही.

बरं, चित्र काढताना तरी कुठे अशी घाई होती? ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग भरायचे, एका दिवसात पुरा होईल तेवढाच तुकडा लिंपायचा. त्या तुकड्याला 'जोर्नाता' म्हणतात, एका दिवसाचं काम. दिवसभराचं काम मी मिनिटात उरकत होते, तेही टकलाआडून.

पैशाची रड मात्र जुनीच. चित्रकार पेरुजिनो याच भागातला, चित्ता देल्ला पिएवे गावचा. 1504 साली गावच्याच मंडळींनी त्याच्याकडे भिंतीवर चित्र मागितलं. काम 200 फ्लोरिनचं (तेव्हाचं नाणं) आहे, पण गाववाले म्हणून 100 घेईन, तेही हप्त्याने, असं त्याने कळवलं. शेवटी आणखी 25 सोडून 75 वर आला. ही घासाघीस त्याच्या पत्रांतच आहे. गाववाले म्हटल्यावर काय होतं ते आपल्याकडच्या कुठल्याही रंगाऱ्याला विचारा.

आठव्या खटनंतर आजोबा उठले. कोटातून पाच युरोची नोट काढून माझ्यापुढे धरली. मी विरघळले. म्हातारा शेवटी लाजला म्हणायचा! पर्स उलटी करून पाच नाणी त्यांच्या हातावर मोजली. होती तेवढीच. त्यांनी ती पुन्हा मोजली, "ग्रात्सिए" म्हणाले आणि काठी टेकत दाराबाहेर गेले.

पेटीत नोट जात नाही. मी घालून पाहिली.

बारा वाजता आम्हाला बाहेर काढलं. समोरच्या बारमध्ये आजोबा उभ्याने कॉफी पीत होते. काउंटरवर माझी नाणी. मला बघून त्यांनी कप उंचावला आणि शेजारच्याला काहीतरी सांगितलं. दोघे हसले. ताईही हसली. तिला इटालियनचं एक अक्षर येत नाही.

चित्राच्या डाव्या कोपऱ्यात कुणीतरी गुडघ्यावर बसलेलं आहे. बाई की बुवा, ते आम्ही अजून भांडतोय.