तीनशे दीनारांचे तेल कोणाच्या खिशातून?

बायबलमध्ये येशूचे चरित्र सांगणाऱ्या योहानाच्या शुभवर्तमानातील बाराव्या अध्यायाची आठवण पुण्यातल्या आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये बहुधा दोनच वेळी निघते: चर्चच्या सजावटीवरील खर्चाचे समर्थन करायचे असते तेव्हा, आणि दानधर्माचा आग्रह धरणाऱ्याला गप्प बसवायचे असते तेव्हा. माझ्या मते दोन्ही वेळा त्या प्रसंगावर अन्याय होतो.

वल्हांडण या यहुदी सणाला सहा दिवस असताना बेथानी गावात मार्थेची बहीण मरीया हिने येशूच्या पायांना लावलेल्या जटामांसीच्या तेलाची किंमत यहूदा या शिष्याने तीनशे दीनार सांगितली आणि ते विकून पैसे गरिबांना का दिले नाहीत, अशी तक्रार केली. दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. तेव्हा मजूर अड्ड्यावर सकाळी कामाची वाट पाहत उभ्या राहणाऱ्या माणसाची जवळजवळ वर्षाची कमाई तिने एका जेवणाच्या वेळी ओतून टाकली. हिमालयात उगवणारी ही वनस्पती तिथवर पोहोचेपर्यंत महाग होणारच होती. यहूदाला चोर ठरवून योहान मोकळा होतो. पण मत्तयाच्या शुभवर्तमानात हीच तक्रार शिष्य करतात, आणि गणेशोत्सवाच्या रोषणाईबद्दल दरवर्षी असेच वाद ऐकणाऱ्या पुणेकराला ती मुळीच परकी वाटू नये.

‘गरीब नेहमी तुमच्याजवळ आहेत’ हे येशूचे उत्तर आपण अर्ध्यावर तोडतो. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात देशातून दरिद्री नाहीसे होणार नाहीत असे म्हटल्यावर, म्हणूनच त्यांच्यासाठी आपला हात सढळ ठेव, अशी आज्ञा लगेच येते. शास्त्र जाणणाऱ्या श्रोत्यांना हा पुढचा भाग वेगळा सांगण्याची गरज नव्हती.

शिवाय मरीयेने तेल आणले ते स्वतःचे, मंडळीच्या दानपेटीतून नव्हे. पुरुषांच्या पंगतीत केस मोकळे सोडणे त्या समाजात लाजिरवाणे मानले जाई, तरी तिने केसांनीच ते पाय पुसले. तिची उधळपट्टी आणि तिची नम्रता ही एकच कृती आहे. आपण उधळपट्टी तेवढी उचलतो आणि देणगीदाराचे नाव बाकावरसुद्धा कोरतो! (मार्था त्याही दिवशी वाढतच होती, आणि पूर्वी कामाच्या धांदलीवरून बोल ऐकलेल्या तिला या वेळी कोणी बोल लावला नाही, हेही उपदेशांतून सहसा सुटते.)

त्यामुळे पुनरुत्थानदिनाच्या (ईस्टरच्या) सजावटीला माझा विरोध नाही. ज्यांना ती हवी आहे त्यांनी आपल्या खिशातून, नावाची पाटी न लावता, हवी तेवढी करावी. साहाय्य निधीतला एक रुपयाही तिकडे वळवण्याच्या ठरावाला मात्र मी हात वर करणार नाही.