सतरा नंबरची खोली

फर्ग्युसनच्या हॉस्टेलात एक नंबर ब्लॉकमधली सतरा नंबरची खोली. सावरकरांची. 28 मेला, त्यांच्या जयंतीला, लोकांसाठी उघडतात. मीही एकदा गेलो होतो. लोक चपला काढून आत जातात, हात जोडतात, बाहेर येऊन फोटो काढतात.

पण मे महिन्यात हॉस्टेल जवळजवळ रिकामं! ज्यांना ही गोष्ट सांगायला हवी, ती पोरं तेव्हा आपापल्या गावी आंबे खात असतात.

कारण गोष्ट मुळात हॉस्टेलचीच आहे. भगूरचा हा मुलगा 1902 साली इथं शिकायला आला. 1905 च्या दसऱ्याला, बंगालच्या फाळणीमुळे वातावरण तापलेलं असताना, त्याने आणि सोबत्यांनी पुण्यात विदेशी कपड्यांची होळी केली. टिळक स्वतः हजर होते. प्राचार्य होते रँग्लर परांजपे. त्यांनी दहा रुपये दंड ठोकला आणि पोराला हॉस्टेलबाहेर काढलं. त्यावर ‘हे आमचे गुरूच नव्हेत’ म्हणून ‘केसरी’ने झोडपलं.

इथं आपण परांजप्यांना खलनायक करून मोकळे होतो. मला ते पटत नाही. कोकणातल्या मुर्डीचा हा माणूस 1899 मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाला, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिला आला, असा मान मिळवणारा पहिला भारतीय. एवढं होऊन परत आला तो याच कॉलेजात शिकवायला. शिक्षा चुकलीच, माझ्या मते. पण कॉलेज सरकारच्या डोळ्यावर येऊ नये ही धास्ती खोटी नसावी. आणि टिळक ज्या संस्थेवर तुटून पडले ती त्यांनीच आगरकरांबरोबर उभी केलेली, 1890 मध्ये भांडून सोडलेली. जुना हिशेब त्या लेखात अजिबात नसेल असं कसं म्हणायचं? (कमेंटमध्ये मला झोडपायला हरकत नाही, ‘केसरी’इतकं जोरात नको.)

हे सगळं हार घातलेल्या फोटोसमोर उभं राहून कळत नाही. तिथं फक्त मोठे झालेले सावरकर दिसतात. ज्याला हॉस्टेल सोडावं लागलं तो बावीस वर्षांचा पोरगा दिसत नाही.

म्हणून म्हणतो, जयंतीला उघडा, जरूर उघडा, पण दसऱ्यालाही उघडा. तेव्हा टर्म चालू असते, व्हरांड्यात टॉवेल वाळत असतात. माहिती सांगायला शेजारच्या खोल्यांमधली पोरंच उभी करा. दंड म्हणजे काय ते त्यांना बरोबर कळेल, निम्म्यांचं मेसचं बिल थकलेलं असतं.