आंघोळीला पाणी कुठाय?

गावाकडच्या एखाद्या आश्रमशाळेत खरजेची साथ आली की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय येणार, हे ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये बसून मी आधीच सांगू शकतो. मुलं आंघोळ करत नाहीत, आईबापांना स्वच्छतेचं वळण नाही, जनजागृती करायला हवी.

इथल्या ॲबोरिजिनल, म्हणजे मूलनिवासी, मुलांबद्दलही लोक अगदी हेच बोलतात. दुर्गम वस्त्यांत कुठल्याही वेळी पाहिलं तर जवळपास निम्म्या मुलांच्या अंगावर पिकलेले फोड असतात. खरूज खाजवून कातडी फाटते, त्यातून स्ट्रेप्टोकोकस हा जिवाणू शिरतो, काहींच्या मूत्रपिंडाला सूज येते. हृदयाच्या झडपा निकामी करणाऱ्या संधिवाताच्या तापाशीही त्याचा संबंध जोडला जातो. तेव्हा खाजेवर हसण्यासारखं काही नाही.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या किंबर्ली भागातल्या नऊ वस्त्यांत २०१९ ते २०२२ या काळात एक मोठा प्रयोग झाला. शाळेत मुलांची कातडी नियमित तपासायची, लगेच औषध द्यायचं आणि प्रतिबंधाचं काम वस्तीने ठरवायचं. तिथल्याच डॅम्पिअर द्वीपकल्पावरच्या पोरांनी हिप-हॉप निवडलं. त्यांनी स्वतः ओळी रचल्या, स्वतः नाचले, व्हिडिओ केला. आरोग्य खात्याचं पोस्टर त्यापुढे बापुडवाणंच वाटतं. प्रयोगाच्या काळात फोडांचं प्रमाण निम्म्यावर आलं. श्रेय एकट्या गाण्याचं नाही, हे उघड आहे.

पण गाणं म्हणून झाल्यावर शॉवरला पाणी नसेल तर? पॉल फोलेरोस हे वास्तुविशारद १९८०च्या दशकात मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल आरोग्य परिषदेच्या सांगण्यावरून याच प्रश्नामागे लागले. त्यांचा दंडक असा की, घर नुसतं तपासून परत यायचं नाही, दुरुस्ती त्याच दिवशी सुरू करायची. पथकांत बहुतेक माणसं स्थानिकच. पुढे हजारो घरं तपासून निघालेला हिशेब ग्रुपवाल्यांनी वाचावा: बिघाडांपैकी सुमारे ७० टक्के देखभाल न झाल्याने, २१ टक्के सदोष बांधकामामुळे, आणि राहणाऱ्यांनी केलेली नासधूस ९ टक्के. खापर मात्र या नऊ टक्केवाल्यांच्या डोक्यावर!

या देशाचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. ॲबोरिजिनल लोकांना संसदेला सल्ला देणारं स्वतःचं मंडळ द्यावं का, या २०२३च्या सार्वमतात साठ टक्क्यांनी 'नाही' म्हटलं. आणि लोकांना विचारून काम करणं आपल्याला नवं आहे, असंही नाही. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च' या संस्थेने दवाखाना गोंड आदिवासींना विचारून बांधला. नाव त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं, आणि इमारती घोटुलाच्या, म्हणजे गोंडांच्या तरुणांच्या सामूहिक घराच्या, धर्तीवर.

आपलं घोडं अडतं ते पैशापाशी. वस्तीतल्या बाईने घरोघर जावं, खरूज ओळखावी, औषध पोचवावं, सगळं करावं. पण तिला पगारी कर्मचारी म्हणायचं नाही. आशाताईंना मानधनासाठी आझाद मैदानात बसावं लागलं, तेव्हा याच ग्रुपवर 'यांचं नेहमीचंच' असं आलं होतं. जनजागृतीचा आग्रह धरणारे आणि हे लिहिणारे बरेचसे तेच.

माझी मागणी अगदी साधी आहे. पुढच्या साथीच्या बातमीत त्या शाळेत मुलं किती, चालू नळ किती आणि ते शेवटचे कधी दुरुस्त झाले, हे छापा. आंघोळीचं व्याख्यान त्यानंतर द्या.